ओकुमुरांचं अठ्ठेचाळिसावं काडतूस

१

गुरुवारी सकाळी सात वाजता शेजारच्या ओकुमुरा-सानच्या दारात पोलिसांची गाडी उभी राहिली, आणि रेखाबाईंची पोळी तव्यावरच करपली.

करपणारच हो! एकतीस वर्षं पोलीस खात्यात काढलेली बाई. त्यातली शेवटची नऊ जिल्ह्याच्या शस्त्र परवाना शाखेत. फौजदार म्हणून निवृत्त झाली, लेकीकडे सहा महिने आराम करायला जपानात आली, आणि आरामाचा कंटाळा पहिल्याच आठवड्यात आला. नागोया शहर पूर्वेला जिथं संपतं आणि डोंगर सुरू होतो, तिथं जावई अनुपचं भाड्याचं घर. अनुप गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. लेक ज्ञानदा शेतकीची पदवीधर, गावच्या शेतकरी संघात नोकरीला. आणि भिंतीला भिंत लागून चौऱ्याहत्तर वर्षांचे ओकुमुरा-सान; सान म्हणजे आपल्याकडचं राव किंवा बाई. एकटे, विधुर, शिकारी. भातात घुसणारी रानडुकरं त्यांच्या नावानं चळाचळा कापत असावीत.

"अगं, कुणी गेलं की काय?"

ज्ञानदा शेजारी धावत जाऊन परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आई, ओकुमुरा-सानचं एक काडतूस कमी भरलंय. वहीत अठ्ठेचाळीस, कपाटात सत्तेचाळीस."

"एक?"

"एक."

"आणि पोलिसांना कुणी कळवलं?"

"त्यांनीच. काल महिन्याची मोजणी केली, तीनदा मोजली, आणि फोन लावला."

रेखाबाई खुर्चीत बसल्या. काडतूस कमी आहे म्हणून आपणहून पोलिसांना कळवणारा परवानाधारक त्यांनी अख्ख्या नोकरीत पाहिला नव्हता. पाहिला असता तर शाल-श्रीफळ दिलं असतं!

"ते म्हणतात, शनिवारपर्यंत हिशोब लागला नाही तर बंदूक जमा करणार. कायमची." ज्ञानदा समोर येऊन बसली. "आणि आई, रविवारी डोंगरात त्यांच्याबरोबर मी होते."

२

आता यातली मेख सांगायला हवी. ज्ञानदाला स्वतःला बंदुकीचा परवाना हवा होता.

गावातले शिकारी सगळे सत्तरीच्या आसपास. डुकरं मात्र दरसाल जास्त. गेल्या वर्षी संघाच्या निम्म्या भाताची नासाडी झाली, आणि ज्ञानदानं ठरवलं की आपण शिकायचं. ओकुमुरा-सान तिचे गुरू झाले. ती बिनबंदुकीची त्यांच्याबरोबर डोंगरात जायची, रेडिओ घेऊन टेकाडावर उभी राहायची, माग काढायला शिकायची.

अर्ज करून चार महिने झाले होते. लेखी परीक्षा झाली, डॉक्टरचा दाखला झाला. मग पोलीस ठाण्यातल्या मिझुनो-सान नावाच्या बाई घरोघर फिरू लागल्या. ज्ञानदाच्या साहेबांना भेटल्या. समोरच्या केशकर्तनवालीला भेटल्या. ही मुलगी भांडते का, पिते का, रात्री रडण्याचा आवाज येतो का? अनुपला तर त्यांनी ठाण्यात बोलावून तासभर बसवलं. नवऱ्याला एकट्याला, बायकोपासून लांब, म्हणजे त्याला मोकळेपणानं नको म्हणता यावं.

हे ऐकून रेखाबाई आठवडाभर त्याच कौतुकात होत्या. "काय बाई आहे! याला म्हणतात पडताळणी. नाहीतर आम्ही! गावच्या पोलीस पाटलाला फोन, माणूस कसा आहे, चांगला आहे, लिहा हरकत नाही."

ओकुमुरा-सानचे शिकारीतले जोडीदार मोरी-सान यांना मात्र हे सगळं थोतांड वाटायचं. पंचायतीच्या सभेत ते टेबलावर मूठ आपटायचे. कायदा दरवेळी आवळता, मग नवा शिकारी येईल कुठून? डुकरं काय अर्ज भरून येतात? त्यावर ओकुमुरा-सान एवढंच म्हणायचे, "बंदूक मिळायला सोपी झाली, तर मला पहिली भीती माझ्याच शेजाऱ्याची वाटेल." आणि सभा हसायची.

त्याच ओकुमुरा-सानच्या दारात आज पोलीस. मिझुनो-सान दहा वाजता इकडे आल्या. चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, बूट काढून टाचांवर बसल्या त्या तासाभरात हलल्या नाहीत. ज्ञानदाचा जबाब त्यांनी शब्दन् शब्द लिहून घेतला. उठताना रेखाबाईंना वाकून म्हणाल्या, शाळेत शिकलेल्या नीट इंग्रजीत, "आज अर्जदाराची आई म्हणून तुमची मुलाखत ठरली होती. पण आता हा प्रश्न सुटेपर्यंत तुमच्या मुलीचा अर्ज थांबवावा लागेल. क्षमा करा."

"क्षमा कसली? मी असते तरी थांबवला असता," रेखाबाई म्हणाल्या. ज्ञानदानं आईकडे असं पाहिलं की काही विचारू नका.

३

घरात बसून राहणं रेखाबाईंच्या कुंडलीतच नाही. त्यांनी आल्याचा चहा थर्मासात भरला, ज्ञानदाला दुभाषी म्हणून बरोबर घेतलं आणि शेजारी गेल्या.

बंदुकीचं कपाट एका खोलीत, काडतुसांचं दुसऱ्या खोलीत, दोन्ही भिंतीला बोल्टनं घट्ट केलेली. किल्ल्या कुठं असतात ते ओकुमुरा-सान सोडून कुणालाही ठाऊक नाही. मुलालाही नाही, तसा नियमच आहे. कुलपावर ओरखडा नव्हता.

तो मुलगा, तात्सुया, नागोयाहून सोमवारी आला होता. पन्नाशीचा, बँकेतला. तो पहिल्याच घोटाला बोलून गेला, "बाबांनी बंदूक सोडून माझ्याकडे राहायला यावं, असं मला वाटतं. पुढच्या वर्षी पंचाहत्तरी. मग विस्मरणाचीही चाचणी द्यावी लागेल. नापास होऊन अपमान होण्यापेक्षा आधीच थांबलेलं बरं."

बाहेर पडताच ज्ञानदा कुजबुजली, "आई, यानंच केलं असणार! काडतूस गेलं की परवाना गेला. ह्याला हवं तेच झालं ना?"

"तात्सुयाला विचार, तू हे पोलिसांना सांगितलंस का म्हणून."

ज्ञानदा परत जाऊन विचारून आली. "अजून नाही म्हणे. परवान्याच्या गेल्या नूतनीकरणाच्या वेळी मिझुनो-साननीच विचारलं होतं. तेव्हा तो म्हणाला, बाबा अजून ठणठणीत आहेत. आणि पुढच्या वेळी नको म्हणेन, हे बाबांच्या तोंडावर सांगून ठेवलंय."

"मग झालं तर! ज्याला सरळ दारातून जाता येतं, तो खिडकी कशाला फोडेल? घरच्या माणसाचा एक शब्द पुरतो इथं. त्याला चोरी करायची गरजच नाही."

राहिले मोरी-सान. ते आपल्या ओसरीवर डुकराचं कातडं खारवत बसले होते. त्यांनी भडाभडा सगळं सांगितलं. रविवारी तेही डोंगरात होते, पण त्यांची बंदूक एकदाही उडाली नव्हती, त्यांची वही मिझुनो-साननी तपासली होती, एकही काडतूस इकडचं तिकडे नव्हतं. "आणि हे बघा बाई, मी कायद्याला शिव्या देतो, पण ओकुमुराच्या काडतुसाला हात लावीन? चाळीस वर्षं त्याच्या बंदुकीपुढून डोंगरात चाललोय मी. पाठ दाखवून!"

परत येताना ज्ञानदा फाटकाशी थांबून म्हणाली, "मोरी नाही, तात्सुया नाही. मग उरलं कोण? एक तर मी. नाहीतर ओकुमुरा-सानना खरंच विसरायला होतंय."

४

संध्याकाळी रेखाबाई पुन्हा ओकुमुरा-सानसमोर बसल्या. म्हातारा माणूस दोन दिवसांत खचला होता. विसरलो असेन, असं तो आता स्वतःच म्हणायला लागला होता, आणि हेच रेखाबाईंना सहन होईना.

"रविवारी किती बार काढले?"

"तीन."

"आठवतंय, की लिहिलंय म्हणून सांगताय?"

ज्ञानदा हा प्रश्न भाषांतरित करायला कचरली. पण म्हाताऱ्यानं मान डोलावली, जणू नेमका प्रश्न आला. "मी आठवणीवर विश्वास ठेवत नाही. म्हणूनच एक पद्धत ठेवलीय. प्रत्येक बारानंतर रिकामी पुंगळी उचलायची, पिशवीत टाकायची. डोंगरात एकही सोडायची नाही. घरी येऊन पुंगळ्या मोजायच्या आणि तेवढा आकडा वहीत लिहायचा. रविवारी दहा काडतुसं नेली होती. पिशवीत तीन पुंगळ्या. म्हणून उरली सात."

"ती सात मोजलीत?"

ओकुमुरा-सान तातामीच्या चटईवर दोन्ही हात टेकून वाकले. "नाही मोजली. थकलो होतो. पट्टा तसाच कपाटात ठेवला. पुंगळ्या कधी खोटं बोलत नाहीत, असं वाटलं."

रेखाबाईंनी तिथंच मनात हिशोब मांडला. नऊ वर्षं काडतुसांची रजिस्टरं तपासलेली बाई ती! घरी येताच त्या ज्ञानदाला म्हणाल्या, "तू टेकाडावर होतीस. किती बार ऐकलेस?"

"तीनच असतील. म्हणजे, चार ऐकल्यासारखे वाटले, पण डोंगरात आवाज घुमतो. मिझुनो-सानना मी तीन किंवा चार म्हणाले."

"शिकाऊ माणसाची वही असते ना तुझ्याकडे? बघू."

ज्ञानदानं वही काढली. रविवारच्या पानावर पेन्सिलीनं वेळा लिहिलेल्या: नऊ बारा, नऊ तेरा, नऊ चाळीस, दहा पाच.

"वा गं माझ्या वाघिणी! घुमलेला आवाज बाराच्या पाठोपाठ येतो. मिनिटभरानं येतो का? चार बार आहेत हे. मोरीनं एकही काढला नाही. म्हणजे चारही ओकुमुरांचे."

ज्ञानदाचे डोळे मोठे झाले. "म्हणजे काडतूस हरवलंच नाही?"

"काडतूस रविवारीच उडालं. कपाटातले सत्तेचाळीस बरोबर आहेत, वहीतला आकडा चुकलाय. हरवलीय ती रिकामी पुंगळी. पिशवीत चार होत्या, घरी पोचेपर्यंत तीन झाल्या." रेखाबाईंनी वही मिटली. "डोंगरापासून घरापर्यंत ती पिशवी कुणाकडे होती?"

ज्ञानदानं रविवार आठवून पाहिला. ओकुमुरा-सानच्या छोट्या ट्रकमध्ये डुकरं भरली होती. बंदूक आणि काडतुसांचा पट्टा त्यांच्या अंगावर. बाकीचं सामान, बूट, दोऱ्या, पुंगळ्यांची पिशवी, सगळं आलं होतं ज्ञानदाला न्यायला आलेल्या अनुपच्या गाडीतून.

५

जावयाची चौकशी! आता आली का पंचाईत? सासूनं जावयाला चहात साखर किती, एवढंच विचारावं, अशी आपली रीत.

रेखाबाईंनी आधी मनाशी पडताळून पाहिलं. अनुपला बायकोच्या हाती बंदूक नकोशी होती, हे घरात सगळ्यांना माहीत. विषय निघाला त्या पहिल्याच दिवशी तो जेवणावरून उठून गेला होता. म्हणजे गुरूला अडकवलं की शिष्येचा अर्ज आपोआप बुडाला, असा डाव? पण मिझुनो-साननी त्याला तासभर एकट्याला बसवलं होतं. तिथं नको म्हणाला असता तर विषय तिथंच मिटला असता, आणि अर्ज तर पुढं सरकला. दार याच्याही समोर सताड उघडं होतं. मग हा खिडकीतून का शिरला?

आणि त्यांना मंगळवारची खंडेनवमी आठवली.

दरवर्षीसारखी त्यांनी घरातल्या हत्यारांची पूजा मांडली होती. विळी, सुरी, ज्ञानदाची कापणीची कात्री आणि कोयता, अनुपचा लॅपटॉप, गाडीची किल्ली, शिवणाची कात्री, आणि अनुपची लोखंडी अवजारांची पेटी. आठ वस्तू, सुपरमार्केटातून आणलेल्या जुडीतली शेवंतीची मोजून आठ फुलं. नास्तिक म्हणवणारा जावई लांबून बघत होता. अचानक पुढं येऊन म्हणाला होता, "आई, अजून एक फूल द्या ना." का, तर असंच. आणि पेटीवर आधीच एक फूल असताना त्यानं दुसरं ठेवलं होतं. तेव्हा रेखाबाईंना वाटलं, चला, पोराला देव आठवला!

रात्रीच्या जेवणाआधी त्या अनुपजवळ जाऊन उभ्या राहिल्या. "अनुपराव, पेटी उघडता का?"

अनुपनं पेटी आणून उघडली. पान्यांच्या खाली रुमालात गुंडाळलेली लाल प्लास्टिकची पुंगळी, तिच्या पितळी बुडावर वाळलेलं हळदकुंकू.

"अनुप!" ज्ञानदा किंचाळलीच.

"रिकामी होती गं. कचऱ्यातच जाणार होती," तो खाली बघत म्हणाला. "त्या पोलीसबाईंनी मला विचारलं, तुमच्या बायकोवर तुमचा विश्वास आहे का? तासभर विचार केला आणि हो म्हणालो. मनापासून. पण तुला येऊन सांगायला जमेना, आधी एवढा भांडलो होतो. मग वाटलं, खंडेनवमीला सगळ्यांची अवजारं पुजतात. तुझं खरं अवजार अजून यायचंय. त्याच्या नावानं निदान एक फूल... तुला परवाना मिळाला की दाखवणार होतो."

"आणि आज सकाळी पोलीस आले तेव्हा?"

"तेव्हा कळलं, काय करून बसलोय ते. सांगितलं असतं तर तुझा अर्ज गेला असता. म्हणून गप्प बसलो." त्यानं पुंगळी उचलून ज्ञानदापुढं धरली. "म्हाताऱ्याकडे बघवत नव्हतं."

ज्ञानदाला रडू आलं, रागानं की कशानं, तिचं तिलाच ठाऊक. मग ती आईकडे वळली. "आई, ही पुंगळी आपण डोंगरात नेऊन टाकली तर? पोलिसांना तिथंच सापडेल. ओकुमुरा-सानही सुटतील, आणि..."

"आणि तुझाही परवाना येईल," रेखाबाईंनी वाक्य पुरं केलं.

६

मोह झाला नाही असं कोण म्हणेल? आई होती ती.

पण रेखाबाई पाटावर बसल्या आणि लेकीला एक गोष्ट सांगितली, जी तिनं कधी ऐकली नव्हती. "शाखेत असताना एका माणसाचा अर्ज आला. घरी जाऊन चौकशी करायची होती. ऊन फार होतं, मी टेबलावर बसूनच लिहिलं, हरकत नाही. दोन वर्षांनी त्यानं भावाच्या वरातीत हवेत बार काढला. गच्चीतून वरात बघणारी एक बाई गेली. माझ्याच वयाची. कागदावर माझी सही होती, आणि मला कुणी काही विचारलंसुद्धा नाही. ते अजून टोचतं बघ. खोटा कागद मी एकदा केलाय ज्ञानदा. दुसरा नाही करायचा."

ज्ञानदानं डोळे पुसले. पुंगळी रुमालात गुंडाळून तिनं अनुपच्या हातात दिली. "तूच सांग. मी फोन लावते."

शुक्रवारी सकाळी मिझुनो-सान आल्या. अनुपनं सगळं सांगितलं, जपानीतून, अडखळत, स्वतःला कुठंही न वाचवता. मिझुनो-साननी हातमोजे घालून पुंगळी पाकिटात टाकली. बार उडताना बुडावर उमटणारी पिनेची खूण ओकुमुरांच्या बंदुकीशी ताडून बघता येते, त्या म्हणाल्या. मग रेखाबाईंकडे वळून, "चार बार झाल्याचं मला गुरुवारीच लक्षात आलं होतं. गावातल्या तिघांनी शेतात असताना ऐकले होते. पण चौथी पुंगळी समोर आल्याशिवाय मी म्हाताऱ्या माणसाला निर्दोष लिहू शकत नव्हते."

"अगं बाई!" रेखाबाई मराठीतच उद्गारल्या. आपण केस सोडवली म्हणून कालपासून मनात जी थोडी कॉलर ताठ झाली होती, ती त्यांनी मुकाट्यानं खाली केली. काय ही बाई! गावभर विचारून आली, आणि तोंडातून अवाक्षर नाही.

दुपारी ओकुमुरा-सानना निरोप मिळाला. उरलेली काडतुसं न मोजल्याबद्दल समज, बंदूक मात्र त्यांच्याकडेच. ते अनुपसमोर उभे राहिले. अनुप कमरेत वाकला तो वर येईना. म्हाताऱ्यानं त्याचे खांदे धरून त्याला सरळ केलं आणि म्हणाले, "चूक आधी माझी. मी मोजायला हवी होती." मग पूजेचं कळल्यावर त्यांनी विचारलं की पुढच्या वर्षी त्यांची कुऱ्हाड चालेल का.

आणि ज्ञानदाचा अर्ज? मिझुनो-सान त्याच टाचांवर, त्याच ताठ पाठीनं बसल्या. "रिकामी पुंगळी घरात ठेवणं गुन्हा नाही. पण चौकशीत गप्प राहणं मला लिहावं लागेल. आणि स्वतःचं नुकसान होणार हे माहीत असून या घरानं मला बोलावून सांगितलं, हेही मी लिहीन. निर्णय वरचे घेतात. आता, चालेल का, तुमची राहिलेली मुलाखत?"

रेखाबाई सावरून बसल्या. शेकडो माणसांना त्यांनी प्रश्न विचारले होते. आज पहिल्यांदाच त्या उत्तराच्या बाजूला बसल्या होत्या. मुलगी रागीट आहे का? लहानपणी होती. दारू? नाही. कर्ज? गाडीचं. मिझुनो-सान लिहीत गेल्या. मग पेन थांबलं.

"शेवटचा प्रश्न. उद्या परवाना मिळाला. दहा वर्षांनी एखाद्या दिवशी फोनवर तुम्हाला मुलीचा आवाज वेगळा वाटला. खूप खचलेला, किंवा खूप चिडलेला. इतर कुणाला कळणार नाही, पण आईला कळेल. तेव्हा तुम्ही भारतातून मला फोन कराल? तुमच्या फोनवर आम्ही येऊ आणि तिची बंदूक घेऊन जाऊ. ती कदाचित तुमच्याशी बोलणार नाही."

असा प्रश्न रेखाबाईंनी आयुष्यात कुणाच्या आईला विचारला नव्हता. विचारला असता तर? त्या वरातीतल्या माणसालाही आई होतीच की.

स्वयंपाकघराच्या दारात ज्ञानदा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"हो म्हण, आई," ती म्हणाली. "आणि खरंच कर."

रेखाबाईंनी लेकीकडे पाहिलं. "करीन," त्या म्हणाल्या. मिझुनो-साननी उत्तर लिहून घेतलं, वहीचं एक पान फाडलं आणि त्यावर आपला नंबर लिहून दिला. रेखाबाईंनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला, चष्मा लावून आकडे एकदा मोठ्यानं वाचून दाखवले, आणि बरोबर आहेत ना, म्हणून विचारलं.